कपाट

बोनकोड्यातल्या आमच्या इमारतीला
चार मजले, अकरा दारं, आणि एक मी,
जिला कुठल्या दाराचं कुलूप कधी बदललं
ते तारखेसकट पाठ.
शेत सिडकोत गेलं तेव्हा सासऱ्यांनी
उरल्या तुकड्यात विटा पेरल्या.
पीक येतं महिन्याच्या पाच तारखेला,
कुणाचं सातला,
कुणाचं जिन्यात गाठल्यावर.

आणि आता माझीच पोर
जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून
मिलानमध्ये खोली शोधतेय.

साडेपाचशे युरो, हर्षाली म्हणाली.
मी मनात सहा दारं मोजली.
आपल्या दोन मजल्यांचं भाडं
तिकडच्या एका पलंगाला.

वर पुन्हा अर्ज करायचा.
मी शांत आहे. सिगारेट ओढत नाही.
स्वयंपाक केला की ओटा पुसते.
हे खोटं ती इंग्रजीत लिहीत होती
आणि मला आठवत होत्या
दारात चपला काढून उभ्या राहिलेल्या मुली,
नर्सिंगच्या, इंजिनिअरिंगच्या,
मी विचारायचे, किती वाजता येणार,
भाऊ म्हणून कोण कोण येणार,
सुकट भाजणार का. (भाजा, मी म्हणायचे, पण खिडकी उघडून.)

पहिल्या खोलीचा फोटो कोपऱ्यातून काढलेला.
म्हटलं, सोड.
कोपऱ्यातून काढला की आपली तीन नंबरची खोलीपण
लग्नाचा हॉल दिसते. मीच काढलाय.
दुसरीत खिडकी आहे, पण पडदा ओढलेला.
म्हणजे हातभरावर शेजाऱ्याची भिंत.
तिसरा म्हणतो, आधी पैसे भरा,
किल्ली पोस्टाने पाठवतो.
इतका सज्जन घरमालक
मी आरशातसुद्धा पाहिला नाही.

चौथी बाई व्हिडिओवर आली.
साठीची, गळ्यात चष्मा,
हातात जुडगा, वाजणारा.
शेगडी दाखवली, दोघींत मिळून एक संडास दाखवला,
खिडकी उघडून ट्रामचा खडखडाट ऐकवला,
झोप लागणार नाही, आधीच सांगते, असं काहीसं.
मी कॅमेऱ्याच्या बाहेर, भाजी निवडत.

तिला सांग गो, कपाट सरकव.
आई, असं नाही सांगत.
सांग. खिडकीकडचं नाही, न्हाणीच्या भिंतीला टेकलंय ते.

हर्षालीने जीभ चावत सांगितलं.
बाई थांबली. हा आवाज कुठला, बघू लागली.
मग फोन पलंगावर ठेवला,
आम्हाला नुसतं छत,
आणि लाकूड फरशीवर ओढल्याचा तो आवाज,
जो मी झोपेतही ओळखेन.

मागे ओल.
रंगाचे पोपडे, आणि खाली पांढरं,
आमच्या जुन्या मिठागराच्या बांधाला सुटायचं तसं.

बाई तिच्या भाषेत बरंच बोलली,
एक हात कमरेवर, एक हात छताकडे.
हर्षाली म्हणे, काही कळलं नाही.
मला कळलं.
वरच्याचा पाइप. दरवर्षी सांगते. ऐकत नाही मेला.

हीच घे, मी म्हटलं.
ओल दिसल्यावर?
ओल सगळीकडे असते.
ही सरकवते.
आणि डिपॉझिटची पावती घे, सहीची.
उरलेली मेथी निवडत मी अजून काय काय सांगितलं,
मीटरचा आकडा, गादीची खालची बाजू,
चावीची नक्कल कुणाकडे आहे ते;
ती टाइप करत गेली,
मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं तिने,
काही बोलली नाही.

मे महिन्यात तीन नंबरला मी रंग लावला होता.
एकच भिंत. घाईत.
तिथे गंगाखेडची सुमेधा राहते,
जूनपासून खोकते.

रविवारी सकाळी वर गेले.
भाडं दिलंय मावशी, ती दारातच म्हणाली.
भाड्याचं नाही गो.
जरा त्या बाजूने धर.